निरोप दिलेली ज्योत

भर समुद्रात रात्रंदिवस पेटलेली एक ज्योत नारळ वाहून, झेंडूचा हार घालून, गणपतीला देतात तसा निरोप देऊन विझवली, यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे. याच्या पुढचं तर पटायला त्याहून कठीण आहे, तेव्हा ज्याला इथेच ठसका लागला असेल त्याने पाणी पिऊन घ्यावं.

ही ज्योत सागरवेल नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर होती. चार लोखंडी पाय समुद्राच्या तळात रोवलेले, त्यांच्यावर मजले, मजल्यांवर नळ्यांचं रान, आणि एका बाजूला पाण्यावर तिरका झुकलेला लांबलचक लोखंडी हात. त्या हाताच्या टोकाला ज्योत. तिची राखण करायचा हिराजी घरत. उरणकडचा आगरी, मिशा पांढऱ्या, पोट पुढे आणि जीभ पोटाच्याही पुढे.

हिराजीच्या थापा आसपासच्या सगळ्या प्लॅटफॉर्मांवर पोचलेल्या होत्या. एका वादळात ज्योत म्हणे इतकी वाकली की खालून जाणाऱ्या बोटीच्या कप्तानाने तिच्यावर विडी पेटवून घेतली. एकदा तिच्या उजेडाला भुलून सुरमईंचा तांडा पाण्याबाहेर उडाला आणि वाटेत भाजून निघून थेट कॅन्टीनच्या ताटांत पडला. "आणि मीठ कोणी लावलं, हिरादा?" असं कोणीतरी हमखास विचारायचं. "समुद्रातून आलेल्याला मीठ लावतात का, येड्या," हिराजी म्हणायचा, आणि पुढच्या ताटाकडे वळायचा.

ज्योत कशासाठी, हेही सांगायला हवं. जमिनीखालून तेल एकटं वर येत नाही. सोड्याची बाटली उघडली की जसं फसफसतं, तसा तेलातून वायू सुटतो. मोठ्या ठिकाणी तो वायू नळाने किनाऱ्यावर नेतात. सागरवेलसारख्या लहान ठिकाणी वायू इतका बेताचा की त्याच्यासाठी समुद्रातून नळ टाकणं कोणालाच परवडत नाही. मग तो जाळायचा. तसाच सोडून दिला तर? तर जाळण्यापेक्षा वाईट. त्या वायूत मुख्यतः मिथेन असतो, आणि न जळलेला मिथेन पृथ्वीची ऊब अशी धरून ठेवतो की वीस वर्षांच्या मुदतीत त्याचं पाप धुराच्या कर्बवायूच्या ऐंशीपट भरतं. म्हणून जगभर हजारो ठिकाणी वायू पेटवून देत होते, आणि वरून उपग्रह रोज रात्री त्या आगी मोजत होते. ज्याच्या आगी जास्त त्याची नाचक्की. ज्याची आग विझली तो सोवळा.

ही आग विझवली हिराजीच्याच मुलीने.

केतकी घरत जिवाणूंवर शिकली. आगरी माणसाचं मिठागराशी जुनं नातं, पण बंद पडलेल्या मिठागराचा चिखल डब्यात भरून प्रयोगशाळेत नेणारी तीच पहिली. त्या चिखलात तिला एक जिवाणू सापडला, खाऱ्या पाण्यात राहणारा आणि मिथेन खाणारा. खातो, गरम होतो, एकाचे दोन होतात. त्याला पोलादी टाक्यांत समुद्राच्या पाण्यात सोडायचं, खालून वायूचे बुडबुडे द्यायचे, आणि वरून जी साय येईल ती वाळवून तिचं पीठ करायचं. पिवळसर, प्रथिनांनी भरलेलं. कोळंबीच्या तळ्यांना ते पीठ हवंहवंसं झालं. कंपनीने टाक्या सागरवेलवर आणून बसवल्या आणि टाक्यांबरोबर केतकीही आली. मशीनचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'खादाड' करून टाकलं.

नारळी पौर्णिमेला वायू ज्योतीकडून खादाडाकडे वळवला. प्लॅटफॉर्मचे प्रमुख कर्णिकसाहेब भाषण करताना सद्गदित झाले, हिराजीने लोखंडी हाताला हार घातला, नारळ पाण्यात सोडला आणि ज्योत खाली खाली येत गेली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो छान आला.

तेव्हापासून सागरवेल अंधारात होती आणि तिची कीर्ती उजेडात. आता एक समिती यायची होती. समितीने मान डोलावली की केतकीचा खादाड देशातल्या प्रत्येक लहान प्लॅटफॉर्मवर जाणार, तिच्या नावाने. नाही डोलावली तर टाक्या भंगारात आणि केतकी उरणला.

आणि नेमक्या समितीच्याच आठवड्यात हिराजीला टोकाची हवा हलताना दिसली.

ऑक्टोबरची दुपार. जेवण जड झालं म्हणून तो कठड्याला टेकून उभा होता. लोखंडी हातावर कुरव पक्षी ओळीने बसलेले. ज्योत होती तेव्हा एकाचीही तिथे फिरकायची छाती नव्हती; आता तो त्यांचा बाजार झाला होता. पण बाजार टोकाच्या अलीकडेच संपत होता. एक कुरव टोकाकडे गेला, पंख चुकल्यासारखा डळमळला, आणि परत फिरला. हिराजीने डोळे बारीक केले. टोकाच्या वर हवा थरथरत होती, भाकरी उतरवल्यावर तापल्या तव्यावर थरथरते तशी. मागचं क्षितिज त्या थरथरीत तुटत होतं, जुळत होतं.

आग नाही, धूर नाही. मग तवा कशाने तापला?

तीस वर्षं ज्योतीची राखण केलेल्या माणसाला एवढं कळायला शाळा लागत नाही. हवा उष्णतेने हलते, तशीच हवेत दुसरा वायू मिसळला तरी हलते. टोकातून काहीतरी बाहेर पडत होतं. थंड, न पेटलेलं, कोणाला न दिसणारं.

तो कर्णिकसाहेबांकडे गेला. कर्णिकांनी खुर्ची फिरवली, पण खिडकीकडे पाहिलं नाही. हे हिराजीला खटकलं.

"घरत, तो कप्तान विडी पेटवून गेला, तेही याच टोकावर ना?"

"साहेब, ती गोष्ट वेगळी."

"आणि सुरमया?"

"त्याही वेगळ्या. हे खरं आहे."

"तेही तुम्ही खरंच म्हणाला होतात." कर्णिक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "समिती जाईपर्यंत या टोकाबद्दल कोणाशी बोलू नका. पोरीच्या कामात बापाने खोड काढली असं नको व्हायला."

हिराजी बाहेर आला तो डोक्यात भुंगा घेऊनच. ज्याला गोष्ट खोटी वाटते तो 'बोलू नका' असं कशाला सांगेल? खोट्या गोष्टी तर हा माणूस वर्षानुवर्षं जेवताना ऐकत होता, एकदाही गप्प बस म्हणाला नव्हता.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये केतकी त्याच्यासमोर येऊन बसली. ताटात भात कालवत राहिली, खाल्ला नाही.

"बाबा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"पीठ कमी भरतंय. जेवढा वायू टाकीकडे येतो म्हणून मीटर सांगतो, तेवढ्याचं पीठ होत नाही. दिवाळी जवळ आली. तुमची माणसं सुट्टीवर जाताना पिशवीत थोडं थोडं नेतात का? होडीवाल्यांना माशांच्या आमिषाला?"

हिराजीचा घास हातातच राहिला. "माझी माणसं चोर?"

"मी चोर म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"विचारलं."

"आणि मी विचारलं तर? तुझा खादाड सगळं खातो ना?"

केतकीने वर पाहिलं. क्षणभरच. "खातोच. खाल्लं नसतं तर ज्योत दिसली असती की, बाबा. उरलेला वायू आपोआप जुन्या नळीने टोकाला जातो आणि पेटतो. नारळी पौर्णिमेपासून एकदाही पेटला नाही. याहून मोठा पुरावा कोणता?"

हे ती इतकं ठाम बोलली की हिराजीला पोरीचा अभिमान वाटला आणि संशयही आला, दोन्ही एकदम. शाळेत मार्क कमी पडले की ती अशीच ठाम बोलायची. हिला ठाऊक आहे का? कर्णिकांनी हिलाही गप्प बसवलंय का? बाप मुलीच्या हाताकडे बघत होता आणि मुलगी दारातून जाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या पिशवीकडे.

सकाळी हिराजी कंट्रोल रूममध्ये गेला. तिथे तुळशीदास म्हात्रे बसायचा, त्याच्याच आळीतला, नात्याने लांबचा मेहुणा.

"तुळशा, उरलेला वायू टोकाला गेला तर तुला इथे दिसतो का?"

"मीटर आहे की. पण तो मोठ्या भडक्यासाठी बसवलेला. थोडका वायू गेला तर काटा जागचा हलत नाही. हत्ती तोलायच्या काट्यावर हरभरा ठेवल्यासारखं."

"आणि जातो का थोडका?"

तुळशीदासने खांदे उडवले. "दुपारी जात असेल. समुद्र तापलाय यंदा. टाकी गार करायला जे पाणी घेतो तेच कोमट. दुपारी केतकीचे जिवाणू सुस्तावतात, बायको माहेरी गेल्यावर मी सुस्तावतो तसे. पण गेला तरी पायलट पेटवून देईल ना त्याला."

पायलट म्हणजे टोकावरची छोटी ज्योत, समईएवढी. मोठी ज्योत असो नसो, ही तेवत राहायची. आला वायू की तिने पेटवायचा. उपग्रहाला ती दिसतही नाही.

"तुळशा, पायलट विझला तर घंटा वाजते ना इथे?"

"वाजली की. पौर्णिमेलाच वाजली. मी बंद करून टाकली."

"बंद केलीस?"

"आता तू असा का बघतोस, हिरादा? तूच नाही का हार घातलास, नारळ सोडलास, आणि शेवटी पायलटच्या नळीची किल्ली फिरवून ती बारकी ज्योतपण मालवलीस? आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो."

मालवली होती. आता हिराजीला लख्ख आठवलं. मोठी ज्योत खाली आली आणि टोकावर ती समई तेवढी राहिली. निरोपाला अर्धा देव ठेवतात का? गणपती पाण्यात सोडायचा आणि सोंड तेवढी वर धरायची, असं कोणी करतं? केतकी तेव्हा खाली टाक्यांपाशी होती. 'सगळं खातो ना गं?' असं त्याने जिन्यावरून ओरडून विचारलं होतं, आणि 'सगळं, बाबा' असं तिने खालून सांगितलं होतं. पोरीने सांगितलं म्हणजे सांगितलं. त्याने किल्ली फिरवली.

"मग नंतर कोणी पेटवली का नाही? रोजच्या कामात आहे की ते, पायलट बघणं."

"कोण पेटवणार? तूच सांग. विसर्जन केलेलं दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढून कोणी मखरात बसवतं का? आमच्या पाळीच्या मुकादमाला, रहीमशेठला सांगितलं, तो म्हणाला हिरादाने केलंय तर असेल काही. पाळी बदलली, दुसरी माणसं आली, त्यांनाही आम्ही तेच सांगितलं."

हिराजी खुर्चीत बसला. कोणाची लबाडी शोधायला तो निघाला होता. कर्णिकांची, केतकीची, टाकीतल्या जिवाणूंची सुद्धा. आणि सापडली ती त्याची स्वतःची किल्ली. केतकीला ज्योत दिसली नाही म्हणून तिचा खादाडावर विश्वास बसला. त्याचा केतकीवर विश्वास म्हणून ज्योत दिसली नाही. चोरीला गेलेलं पीठ कोणाच्याच पिशवीत नव्हतं. ते पीठ होण्याआधीच टोकातून आकाशात जात होतं, रोज दुपारी, आणि वरून बघणारा उपग्रह शाबासकी देत होता.

आत्ता जाऊन पेटवावी? समिती हेलिकॉप्टरने निघालीच होती. दुपारी त्यांच्या डोळ्यांदेखत टोकावर जाळ भडकला की केतकीचं सोवळेपण तिथेच जळालं. उद्या पेटवू, त्याने ठरवलं. समिती गेली की मी स्वतः चढतो आणि पेटवतो. एका दिवसाने काय होतं. हे त्याने मनात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते दुसऱ्याच कोणाचं वाटू लागलं.

जिन्यात केतकी भेटली. डोळे तांबारलेले, हातात पिठाचं भांडं.

"बाबा, एवढंच सांगा. पायलट तेवतोय ना?"

आयुष्यभर हा माणूस लांबलचक खोटं बोलला होता, वादळं घालून, मासे उडवून. आज त्याच्या तोंडून एकच शब्द आला.

"तेवतोय."

केतकीच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. "मग माझाच मीटर बिघडलाय," ती म्हणाली आणि बापाच्या दंडाला हात लावून खाली गेली. त्या हाताची जागा हिराजीला बराच वेळ जाणवत राहिली.

समितीच्या प्रमुख डॉ. वैजयंती ओक. बारीक, उन्हाची टोपी घातलेल्या, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत न हलणाऱ्या. त्यांच्या बरोबरच्या लोकांकडे आग मोजणारे कॅमेरे होते. न पेटलेला वायू मोजायचे कॅमेरे दुसऱ्या खात्याकडे असतात आणि ते खातं पुढच्या वर्षी यायचं होतं. टाक्या पाहून झाल्या. पीठ पाहून झालं. ओकबाईंनी चिमूटभर जिभेवरही ठेवलं. मग सगळे वरच्या डेकवर आले आणि कर्णिकांनी विझलेल्या हाताकडे बोट दाखवून आपलं भाषण सुरू केलं.

ओकबाईंनी कपाळावर हात आडवा धरला.

"कर्णिक, त्या टोकाला हवा हलल्यासारखी का दिसते?"

"ऊन, मॅडम. ऑक्टोबर आहे."

"ऊन सगळ्या हातावर पडलंय. हलतंय फक्त टोकाला."

तुळशीदास आपल्या बुटांकडे पाहू लागला. केतकी टाक्यांतच वावरणारी, ती इतक्या दिवसांत दुपारची वर आलीच नव्हती. तिने टोकाकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलायला लागले, मनात बेरीज करताना हलतात तसे.

तिची बेरीज पुरी व्हायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. हिराजी पुढे झाला.

"बाई, ते मी सांगतो. तीस वर्षं मी त्या लोखंडाच्या सोबतीला आहे. तीस वर्षं जे लोखंड जळलं, त्याच्या हाडात आग शिरते. वरून विझली तरी आत धगधगत राहते. परवा मी त्याच्यावर बोंबील वाळत घातले, चहा होईपर्यंत कुरकुरीत."

समितीतला एक जण हसला. हिराजीला जोर चढला.

"हे पक्षी बघताय? हुशार जात. अंडी घालतात आणि टोकावर नेऊन ठेवतात. बसून उबवायची दगदगच नको. नर-मादी दोघं दिवसभर मोकळी. त्यामुळे त्यांच्यात भांडणं कमी झालीत, हे मी बघितलंय."

आता ओकबाईही हसल्या. "पण आत्ता टोकावर एकही पक्षी नाही."

"लाजतात, बाई. पाहुणे आलेत."

डेकवर हशा झाला. कर्णिकांचा हसण्याचा आवाज सगळ्यांत मोठा, जीव वाचलेल्या माणसाचा. "लोखंड असं किती दिवस गरम राहील म्हणता?" ओकबाईंनी विचारलं, आणि त्या विचारण्यात आता तपासणी कमी आणि गंमत जास्त होती.

"जाड लोखंड आहे. होळीपर्यंत तरी जाईल. थंडीत आम्ही सगळे हात शेकायला जाणार आहोत तिथे, तुम्हीही या."

"कर्णिक, हे गृहस्थ जपून ठेवा," ओकबाई म्हणाल्या. "चला, खाली जाऊन बोलू. मला जे पाहायचं होतं ते पाहून झालं."

सगळे जिन्याकडे वळले. जमलं, हिराजीने मनात म्हटलं. उद्या सकाळी पेटवतो. पोरीला कळायचंही कारण नाही. त्याने केतकीकडे पाहिलं, तीही हसत असेल म्हणून.

केतकी कठड्याशीच उभी होती. तिची नजर टोकावरच्या त्या थरथरीवरून उतरली, खालच्या चकचकीत टाक्यांवर गेली, तिथे जराशी थांबली, आणि मग बापावर आली. तिचा रंग उडाला होता, पण आवाज कापला नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच्या ओकबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलली.

"बाबा, तुम्ही खोटं सांगताय. ते लोखंड थंडगार आहे. आणि पायलट तेवत असता, तर तिथे नुसती हवा हलली नसती. जाळ दिसला असता."